लोकलचं बिल नेमकं कुणाच्या नावावर फाडायचं?

मला प्रश्न लिहून पाठवणारे गृहस्थ डोंबिवलीला राहतात आणि बेलापूरला कंटेनरच्या क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या ऑफिसात काम करतात. सकाळी लोकलला लटकतात आणि दिवसभर रखडलेल्या कंटेनरच्या चौकशा करतात, म्हणजे रेल्वेची दोन्ही दुखणी त्यांच्या वाट्याला येतात. त्यांचे प्रश्न दोन. मालगाडी नफ्यात आहे आणि प्रवासी गाडी तोट्यात, तर दोघींची फारकत करून दोन कंपन्या का करत नाहीत? आणि मुंबईची लोकल एखाद्या खासगी कंपनीला का देऊन टाकत नाहीत, निदान दारं तरी बंद होतील? जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की पास दुप्पट झाला तरी चालेल, पण आत उभं राहायला जागा मिळू दे.

मी रेल्वेच्या वाहतूक खात्यात तीस वर्षांहून जास्त काढली. त्यातली बरीचशी मुंबईच्या कंट्रोल ऑफिसात, म्हणजे कुठली गाडी आधी सोडायची ते ठरतं तिथे गेली आणि शेवटची काही मालवाहतुकीच्या खर्चाचे हिशेब करण्यात. माझं पेन्शन रेल्वेच्याच कमाईतून निघतं, हेही आधीच सांगतो. माझा कल कुठे असेल ते त्यावरून ओळखा आणि पुढचं वाचा.

माझं मत असं, की रूळ सरकारचे राहावेत आणि लोकलही सरकारचीच राहावी. पण लोकलचा तोटा मालगाडीच्या भाड्यात घालून झाकायचा, हा उद्योग बंद झाला पाहिजे. शहराला लोकल हवी असेल तर शहराने आणि राज्याने ती उघडपणे विकत घ्यावी. किती गाड्या, किती वेळेवर, कोणत्या डब्यांच्या आणि त्याचे किती पैसे, हे करारात लिहून घ्यावं. मालक कोण यावर आपल्याकडे तावातावाने भांडणं होतात. बिल कोण भरतंय, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

आधी मालगाडीचं सांगतो, कारण तुमचे कंटेनर जिथे अडतात तिथेच या सगळ्याची गाठ आहे.

कंट्रोलमध्ये सेक्शन कंट्रोलरच्या पुढ्यात एक मोठा चार्ट असतो. आडवी वेळ, उभी स्टेशनं. आता तो संगणकाच्या पडद्यावर आला, आमच्या वेळी कागद होता आणि पेन्सिल. धावणाऱ्या गाडीची रेघ तिरकी जाते, उभ्या गाडीची आडवी. एका रात्रीचा चार्ट मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. नागपूरकडून निर्यातीचे कंटेनर घेऊन एक रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, न्हावा-शेव्याच्या बंदराला निघाली होती. ४५ वॅगन, म्हणजे वीस फुटी ९० कंटेनर. ती इगतपुरीहून घाट उतरून कसाऱ्याला आली तेव्हा पहाट व्हायला आली होती. कसारा ते कल्याण जायला एक लाईन आणि यायला एक लाईन. त्याच लाईनवर कसाऱ्याच्या लोकल, त्याच लाईनवर रात्रभर धावून आलेल्या विदर्भ-मराठवाड्याकडच्या मेल-एक्स्प्रेस. मी हिशेब केला. मालगाडी पुढे सोडली तर तिच्या मागे दोन लोकल आणि एक मेल अडकणार, आणि सात वाजता माझा फोन थांबणार नाही. मधल्या एका स्टेशनच्या लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, मालगाडी घेतली. मग सकाळची गर्दी सुरू झाली. ड्रायव्हर-गार्डच्या ड्युटीचे तास संपले, दुसरा क्रू पाठवावा लागला, तो आला तोवर मागची एक्स्प्रेस येऊन बसली होती. चार्टवर आडवी रेघ लांबत गेली ती दुपारी बारापर्यंत. बंदरात जहाजाची वेळ ठरलेली असते. त्या ९० कंटेनरपैकी किती त्या जहाजावर चढले, ते मला कळलं नाही, आणि ते विचारायचं माझं कामही नव्हतं.

मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. लोकलमध्ये हजारो माणसं होती. पण त्या सात-आठ तासांची किंमत कुठल्या वहीत लिहिली गेली? कुठल्याच नाही. लोकलच्या खर्चात ती धरली जात नाही, सरकार तिचे पैसे देत नाही. ती भरतो तो माल पाठवणारा. दोनदा-तीनदा भरतो आणि चौथ्यांदा ट्रेलर बोलावतो. एका रेकचा माल रस्त्यावर आला की कमीत कमी ४५ ट्रेलर लागतात. ते कळंबोलीहून शिळफाटा, मुंब्रा बायपास करत तुमच्याच वाटेवर येतात. कधी रस्त्याने निघालात आणि शिळफाट्याच्या कोंडीत अडकलात, तर आपल्या स्वस्त पासाची उरलेली रक्कम तिथे भरत असता.

नुसता वेळच नाही, भाडंही तसंच. रेल्वेच्या वाहतूक उत्पन्नातला साधारण दोन तृतीयांश वाटा मालवाहतुकीतून येतो आणि त्यातला नफा प्रवासी वाहतुकीच्या तोट्यात जिरतो. महालेखापरीक्षकांनी अनेक अहवालांत हे मांडलंय. सरकारच्याच सांगण्याप्रमाणे प्रवासी सेवेवर १०० रुपये खर्च होतात तेव्हा तिकिटातून ५४ मिळतात, आणि २०२२-२३ मध्ये ही सूट ५६,९९३ कोटी रुपयांची होती. तिला सबसिडी म्हणतात, पण तिच्यातला मोठा भाग कोळसा, सिमेंट, धान्य, खत पाठवणाऱ्याच्या खिशातून येतो आणि शेवटी विजेच्या बिलात आणि सिमेंटच्या गोणीत उतरतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातला ८० टक्क्यांहून जास्त माल रेल्वेने जायचा. आता तो २७ टक्क्यांच्या आसपास आहे. रस्ते सुधारले हे एक कारण, आणि रेल्वेने आपलंच गिऱ्हाईक भाडं चढवून, उशीर करून पळवून लावलं हे दुसरं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. २०२१-२२ मध्ये रेल्वेला १०० रुपये कमवायला १०७ रुपये ३९ पैसे खर्च आला. पुढच्या वर्षी तोच आकडा ९८ रुपये १० पैशांवर आला. या आकड्यावर मी फार विसंबत नाही, कारण घसाऱ्याच्या निधीत, म्हणजे झिजलेलं बदलायला बाजूला ठेवायच्या रकमेत, कमी पैसे टाकले की तो लगेच गोंडस दिसायला लागतो. रूळ मात्र तेवढेच झिजतात.

मग फारकत का नको? रुळांची फारकत हवीच, आणि ती चालूही आहे. जेएनपीटी, म्हणजे न्हावा-शेव्याचं बंदर, ते दिल्लीजवळचं दादरी हा फक्त मालगाड्यांसाठीचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग १,५०६ किलोमीटरचा आहे. जपानच्या कर्जातून तो उभा राहिला. त्यावर कंटेनर एकावर एक दोन थरांत जातात, म्हणजे माझ्या त्या ९० च्या जागी १८०. पण उत्तरेकडचा मार्ग सुरू होऊनही वैतरणा ते जेएनपीटी हा १०२ किलोमीटरचा तुकडा, म्हणजे नेमका बंदराला जोडणारा, मागे रखडत राहिला. विहीर खणून झाली आणि दोर राहिला, तशातली गत. ठाणे-दिव्याची पाचवी-सहावी लाईन २०२२ च्या फेब्रुवारीत मिळाली, तिचंही भिजत घोंगडं वर्षानुवर्षं पडलं होतं. कल्याण-कसारा तिसरी लाईन आणि विरार-डहाणू चौपदरी होईपर्यंत तुमच्या लोकलला आणि तुमच्या कंटेनरला एकाच खाटेवर झोपायचंय. तुम्हाला मालवाहतुकीची खरी काळजी असेल तर या दोन आणि वैतरणा-जेएनपीटी, अशा तीन नावांचा पाठपुरावा करा. कंपन्यांच्या नावांत काही नाही.

हिशेबांचीही फारकत हवी. कंपन्यांच्या फारकतीला मात्र मी घाई करणार नाही. रूळ ज्याच्या हातात, त्याची गाडी आधी जाते आणि दुसऱ्याची थांबते, असं जगभर दिसतं. अमेरिकेत रूळ खासगी मालगाडी कंपन्यांचे. १९७१ पासून सरकारी पैशावर चालणारी अ‍ॅमट्रॅकची प्रवासी गाडी कायद्याने पुढे जायला हवी, तरीही ती मालगाडीमागे ताटकळते. जपानने १९८७ मध्ये सरकारी रेल्वेच्या सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहू कंपनी केली. तिथे रूळ बहुतेक प्रवासी कंपन्यांचे. टोकियो, ओसाकाकडच्या कंपन्या शेअर बाजारात गेल्या आणि चांगल्या चालल्या, पण मालवाहू कंपनी आणि होक्काइडोसारख्या विरळ वस्तीच्या बेटाची कंपनी अजून सरकारच्याच पदरी आहेत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, खासगी कंपनीचा. हा प्रयोग आपल्या मुंबईत झालेला आहे, आणि तोही सगळ्यात आधी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी गाडी सुटली ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला या खासगी कंपनीची होती. पण धोका मात्र खासगी नव्हता. कंपनीच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी ईस्ट इंडिया कंपनीने घेतली होती आणि जमीन फुकट दिली होती. कमाई कमी पडली की फरक हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे शेतसाऱ्यातून भरायचा. हिंदुस्थान सरकारचे माजी वित्त सदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साफ सांगितलं की हमी मिळाल्यावर पैसा हुगळी नदीत फेकला काय आणि विटांत घातला काय, इंग्रज भांडवलदाराला त्याचं सुखदुःख नव्हतं. पुढे १९०० मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि चालवायला त्याच कंपनीकडे ठेवली. अ‍ॅकवर्थ समितीने रेल्वेचा कारभार तपासून दिलेल्या अहवालानंतर १९२५ मध्ये ती पूर्णपणे सरकारकडे आली. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडीही धावली.

हे जुनं उगाच उगाळत नाही. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो घ्या. ११.४ किलोमीटर, खासगी भागीदारीतून बांधलेली, ८ जून २०१४ ला सुरू झाली. गाडी चांगली, दारं बंद होतात, डबा गार. पण पहिल्या दिवसापासून भांडण कशावरून? भाड्यावरून आणि बांधकामाच्या वाढलेल्या खर्चावरून. २०२४ च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी हिस्सा ४,००० कोटींना विकत घ्यायचं ठरवलं आणि जूनमध्ये माघार घेतली. त्या मार्गावर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला ४० रुपये लागतात. लोकलला १० किलोमीटरपर्यंत ५. खासगी कंपनी लोकल घेईल ती या ५ रुपयांत घेणार नाही. उरलेले पैसे सरकारने द्यावेत म्हणेल, आणि त्यात तिचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. म्हणजे फिरून प्रश्न तिथेच येतो, की बिल कोण भरणार. २०२० मध्ये रेल्वेने १५१ खासगी गाड्या चालवायला निविदा मागवल्या होत्या, त्यात मुंबईच्या मार्गांचेही दोन गट होते. सुरुवातीला मोठमोठी नावं आली, पण प्रत्यक्ष बोली लावायच्या वेळी दोघेच उरले आणि त्यातली एक रेल्वेचीच कंपनी. ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याच्याच हातात सिग्नल, त्यालाच रुळांचं भाडं द्यायचं, वाद झाला तर वर निवाडा करायला त्रयस्थ कुणी नाही. शहाणा माणूस तिथे पैसे घालत नाही.

ब्रिटनची गोष्ट इथे अनेकजण अर्धीच सांगतात. १९९३ च्या कायद्याने त्यांनी रूळ एका कंपनीला दिले, गाड्या दुसऱ्यांना, देखभाल कंत्राटदारांना. १७ ऑक्टोबर २००० ला हॅटफिल्डला रूळ तुटून गाडी घसरली आणि चार माणसं गेली. रुळाला तडे गेलेत हे आधीपासून माहीत होतं. बदलायचं काम या हातातून त्या हातात फिरत राहिलं. पुढच्याच वर्षी रुळांची कंपनी बुडाली आणि रूळ शेवटी परत सार्वजनिक मालकीत आले. २०२४ मध्ये कायदा करून आता प्रवासी गाड्याही एकेक करून सरकारकडे येतायत. मालगाड्या मात्र खासगीच राहिल्या आहेत आणि त्या बऱ्या चालतात, हेही सांगायला हवं.

तड्याची ही गोष्ट आपल्याला परकी नाही. १४ मार्च २०१९ ला संध्याकाळी सीएसएमटीजवळचा हिमालय हा पादचारी पूल पडला. त्यानंतरच्या पहिल्या तासांत टीव्हीवर चर्चा कसली, तर पूल महापालिकेचा की रेल्वेचा. दोन मालकांच्या मध्ये जी फट राहते, माणसं तिच्यातून पडतात. म्हणून मुंबईच्या लोकलचे आणखी तुकडे करायला माझा जीव धजत नाही. एकाच लाईनवर तीन-चार मिनिटांनी गाडी, त्यात सिग्नल, ओव्हरहेड वायर, रूळ, मोटरमन या सगळ्यांचं एकमेकांशी बोलणं सेकंदांत व्हावं लागतं. पावसाळ्यात सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी चढतं तेव्हा कुणाचा करार काय म्हणतो, हे वाचत बसायला कुणालाच वेळ नसतो.

मग करायचं काय? उत्तर तुमच्या रोजच्या वाटेवरच आहे. ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडता, नवी मुंबईत शिरता. इथली रेल्वे झाली कशी? मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला गाडी आली ती मे १९९२ मध्ये, आणि खर्चाचे ६७ टक्के सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या राज्य सरकारच्या महामंडळाने दिले, ३३ टक्के रेल्वेने. सिडकोकडे पैसा कुठून आला? जमिनीतून. रेल्वे येणार म्हणून ज्या जमिनीचा भाव वाढला, तिच्याच विक्रीतून रेल्वे आली. वाशी-बेलापूरची स्टेशनं बघा, वर ऑफिसं आणि खाली फलाट. तिकिटावर अधिभारही लावला होता. उरणची लाईन याच ६७-३३ च्या वाटणीवर झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पोचली. उशीर खूप झाला, ते मान्य. पण कुणी किती भरायचं हे पहिल्या दिवशी कागदावर होतं.

आता उलट बाजू. मुंबई-ठाण्यात घर घेतलं की २०२२ पासून मुद्रांक शुल्कासोबत घराच्या किमतीवर १ टक्का मेट्रो उपकर भरावा लागतो. बदलापूरला, टिटवाळ्याला घर का घेतात लोक? लोकल आहे म्हणून. मेट्रोसाठी उपकर आणि लोकलसाठी काहीच नाही, हे मला कधी पटलेलं नाही. लोकल एक दिवस बंद पडली तर लोअर परळच्या टॉवरमधलं ऑफिस, दादरची भाजी, केईएमची ओपीडी, सगळं खोळंबतं. तिकीट काढणाऱ्याइतकाच फायदा तिकीट न काढणाऱ्याचा होतो. सगळा खर्च तिकिटातून काढायचा म्हटलं तर या लोकांना फुकट सोडून डोंबिवलीच्या कारकुनाला धरल्यासारखं होईल.

पैसे कुणी सांभाळायचे, तर तेही घर बांधून तयार आहे. १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झालं. ५१ टक्के रेल्वेचे, ४९ टक्के महाराष्ट्राचे. एमयूटीपीची, म्हणजे लोकल सुधारण्याच्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाची कामं त्याच्याकडे आहेत. ३३,६९० कोटींचा ३अ टप्पा मार्च २०१९ मध्ये मंजूर झाला. बंद दारांच्या नव्या गाड्या यायच्या त्या याच योजनांतून, खासगी कंपनीच्या कृपेने नव्हे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारातली माणसं खाली पडून गेली, त्यानंतर ही मंजुरी सहा वर्षांची जुनी आहे हे आठवून मला झोप लागली नव्हती. पण हे महामंडळ बांधतं, गाड्या चालवत नाही. चालवतात मध्य आणि पश्चिम रेल्वे, ज्यांचे मालक दिल्लीत आहेत. माझं म्हणणं, याच महामंडळाला गिऱ्हाईक करा. राज्याचा वाटा, उपकराचा वाटा आणि केंद्राचा वाटा त्याच्या खात्यात जमा होऊ दे. त्याने मध्य आणि पश्चिम रेल्वेकडून वर्षाला इतक्या फेऱ्या, इतक्या डब्यांच्या, इतक्या वेळेवर, अशी खरेदी करावी. फेरी रद्द झाली तर पैसे कापावेत. मग लोकलचा तोटा म्हणून जे आज गुळमुळीत सांगितलं जातं त्याचा नेमका आकडा दरवर्षी विधानसभेत मांडता येईल, आणि तितका बोजा मालभाड्यावरून उतरवा म्हणून तुमच्यासारख्यांना मागता येईल. असं झालं की गाडी चालवणारा सरकारी की खासगी, हा प्रश्न पुष्कळ लहान होतो.

कोकण रेल्वेचं उदाहरण मनाला लागतं म्हणून सांगतो. १९९० मध्ये केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२ आणि कर्नाटक, गोवा, केरळ मिळून बाकीचे, असं महामंडळ झालं. रोखे काढून पैसा उभारला आणि ७४१ किलोमीटरची अवघड लाईन १९९८ मध्ये पूर्ण केली. बांधकाम पाहायला जग आलं. पण चालवायचा खर्च कमाईतूनच भागवा, कर्जही फेडा, अशी अट. म्हणून भाड्यासाठी अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरलं आणि कोकणी माणसाने वर्षानुवर्षं तेवढं जादा भाडं भरलं. तरीही सगळ्या लाईनवर दुसरा मार्ग टाकायला पैसा उरला नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला संमती दिली, नाव कायम ठेवायच्या अटीवर. रेल्वेचा पाया एकदा सार्वजनिक पैशाने घातला की तो राखायलाही सार्वजनिक पैसा लागतो, एवढं साधं गणित तिथे कुणी धरलं नव्हतं.

राहिला तुमचा पास. महिन्याचा सेकंड क्लासचा पास साधारण १५ एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळायचा, आणि नोकरदार माणूस फेऱ्या करतो ५०. जून २०१४ मध्ये तो ३० फेऱ्यांवर न्यायचं जाहीर झालं होतं. मुंबईचे खासदार दिल्लीला धावले आणि चार-पाच दिवसांत वाढ मागे घेतली गेली. तुम्ही दुप्पट द्यायला तयार आहात, पण तुमच्याच डब्यातली घरकाम करणारी बाई तयार नाही, आणि तिच्यासाठी सेकंड क्लास स्वस्तच राहावा असं मी म्हणेन. बाकीच्यांचं भाडं दरवर्षी थोडं थोडं वाढावं, एकदम नको, आणि जितकं वाढेल तितक्या फेऱ्या कुठल्या लाईनवर वाढल्या ते स्टेशनवर लावावं. २०१४ ची वाढ मागे घेतल्याचं मला त्या वेळी वाईट वाटलं होतं, हिशेबाचा माणूस म्हणून. नंतर ते वाढीचं पत्रक पुन्हा वाचलं. त्यात नवे दर होते, तारीख होती. त्या पैशांतून डोंबिवलीला एक तरी जादा गाडी सुटणार होती का, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.